चुन्यातला निळा

४ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. कामाचं लिहिते.

शिडी पाठव. घडीची, लाकडी, खालच्या पायरीला तार गुंडाळलेली. तुझ्या मागच्या खोलीत असेल, नाहीतर जिन्याखाली. सोबत ब्रश होते आणि पत्र्याची बादली. ब्रश वाळून दगड झाले असतील तर टाकून दे, पण शिडी पाठव. बाबा रंगकामाचं सगळं सामान देऊन टाकतायत. पलीकडच्या गल्लीतला सुतार नेणार आहे. तो म्हणाला, "काका, रंगाऱ्याचं सामान आणि शिडीच नाही? मग मी काय भिंतीला लोंबकळू?"

फोन का केला नाही म्हणशील. एक तर तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी या घरात बोलायची सोय राहिलेली नाही. यांचे डोळे गेले तसे कान वाढले. मी स्वयंपाकघरात स्वतःशी पुटपुटले तरी बाहेरून उत्तर येतं. म्हणून लिहितेय. चौथीत पाणी प्यायला जाऊ का विचारून जी वर्गाबाहेर पडले ती परत गेलेच नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा अक्षराला हसू नकोस.

माझं काम चालू आहे. प्रयोगाच्या माश्यांचं. आई मोठ्या संस्थेत आहे असं तू लोकांना सांगतेस म्हणे. सांग. पण तिथे माश्यांना जेवू घालते आणि त्यांच्या बाटल्या घासते, हेही सांगत जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माश्या ताटावरून उठून जात नाहीत.

बाबा बरे आहेत. हाताला थोडं लागलंय, विशेष नाही.

शिडी जावईबुवांना टेम्पोत टाकायला सांग. त्यांना बोलायचं नसेल तर न बोलता टाकू देत.

आई


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

शिडी आली नाही. बरं.

मागच्या पत्रात हाताला लागलंय असं लिहिलं होतं. लागलेलं नाही, भाजलंय. बाबा चहा करायला गेले आणि पेटत्या शेगडीवर पंजा टेकवला. डावा डोळा मोतीबिंदूने दुधासारखा झालाय. उजवा गेल्या वर्षी कापला, तेव्हा आतली पिशवी फाटली म्हणून डॉक्टरांना नवं भिंग बसवता आलं नाही. त्यांनी सांगितलं, आपण माना डोलावल्या. त्या डोळ्याला तो जाड चष्मा. आणि तुझ्याकडून परत आले त्या दिवसापासून चष्मा कपाटाच्या खालच्या खणात पडलाय. लावा म्हटलं तर म्हणतात, "काय बघायचंय?"

मी त्यांच्या हातावर नळ सोडून धरला होता. कातडी पांढरी पडून सुटत होती आणि मी उभी. मला काही वाटलं नाही. खरंच सांगते. दूध उतू गेलं असतं तर जास्त वाटलं असतं. मी कधीपासून अशी झालेय ते मला आठवत नाही. लोक विचारतात, कशा आहात? मी म्हणते, आहे.

आता त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही. म्हणून कामावर सोबत नेते. आधी व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचे. वॉचमन म्हणाला, "मावशी, येणारे-जाणारे यांच्या पायाला अडखळतात." मी म्हटलं, "पाय घरी ठेवून यायला सांगू का?" पण मॅडमनी ऐकलं. मॅडम म्हणजे माझी साहेब, वयाने तुझ्याएवढी, केस कापलेले, जेवायचं विसरते. ती म्हणाली, आत बसवा कोपऱ्यात.

आत म्हणजे माशीखोलीत. भिंती काळ्या, पडदा काळा, आम्ही अंगावर घालतो तो कोटही काळा. दिवा फक्त लाल. लाल का, तर माशीला लाल दिसत नाही. आपण लाल दिवा लावून हिंडतो-फिरतो, बाटल्या उचलतो, आणि माशीच्या लेखी तिथे मिट्ट काळोख असतो, आपण नसतोच. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता मला ती खोली बरी वाटते. दिवसभर कुणाला न दिसता काम करायचं. बाबांनाही बरी वाटली असावी. स्टुलावर बसले, भाजलेला हात मांडीवर, दिवस गेला. घरी येताना एवढंच म्हणाले, "तिथे कुणी बडबड करत नाही."

तू म्हणशील यात माझा काय दोष. मी दोष देत नाही. भिंत निळी झाली होती, मीही बघितली होती. तुम्ही ते जुनं घर घेतलंत, वायरवाल्यांनी चुन्याची भिंत पाच ठिकाणी फोडली, आणि यांनी ऐट केली, "अख्खी भिंत कशाला, मी पाच ठिकाणी रंग मिळवून देतो, कुठे फोडली होती ते सांगताही येणार नाही." डोळ्याची पट्टी सुटून दोन महिने झाले होते. डब्यातल्या पांढऱ्या रंगात चिमूट नीळ, मग अजून चिमूट, मग अजून. मागे सरून बघायचे आणि परत घालायचे. आणि तुझी सासरची माणसं घर बघायला आली तेव्हा पांढऱ्या भिंतीवर पाच निळे ठिपके. गाईच्या अंगावर असतात तसे. आणि हे म्हणतायत, "कुठे काय आहे? एकसारखी तर आहे."

तू काय बोललीस ते मी लिहीत नाही. तुला पाठ असेल. "वेड लागलंय तुम्हाला. ब्रश खाली ठेवा, आणि परत कुठल्या भिंतीला हात लावू नका." बघ, लिहिलंच. त्यांनी ठेवला. चाळीस वर्षांच्या धंद्यात लोकांनी त्यांना वेळेवर येत नाही म्हणून बोलून घेतलं असेल. रंग चुकला असं कुणी म्हटलं नव्हतं. वेड लागलंय असं तर नाहीच.

आई


२ मार्च

भिंगरी,

एक गोष्ट झाली. काय झालं ते नीट लिहिते, माझं डोकं लावत नाही.

आमच्याकडे काम असं चालतं. मॅडम एक माशी मेणात बसवते, डोकं हलू नये म्हणून. माशीचा डोळा आपल्यासारखा एक नसतो. एकदा तिने मला भिंगाखाली दाखवला होता, खणच खण, मधाच्या पोळ्यासारखे, प्रत्येक खण आपल्यापुरतं बघतो. त्या डोळ्याला केसाहून बारीक तार टेकवायची. मग पेटीच्या भोकातून एकेका रंगाचा उजेड क्षणभर टाकायचा. माशीला दिसला की पडद्यावर रेघ उडी मारते. हिरव्याला उडी, निळ्याला उडी. लालला काही नाही, रेघ पडून राहते. कुणी मला ती तार लावली तर सध्या कुठल्याही रंगाला तेच येईल.

आणि एक दिवा आहे त्याला मी काळा दिवा म्हणते. जांभळ्याच्याही पलीकडचा. तो लावला तरी आपल्याला भोकात काळोखच दिसतो. लागलाय की नाही हे बटणाशेजारच्या ठिपक्यावरून ओळखायचं. पण माशीची सगळ्यात मोठी उडी त्यालाच. मॅडम म्हणते, माशीसाठी तो रंगच आहे, आपल्याकडे त्याला नाव नाही.

तर मंगळवारी हे कोपऱ्यात बसलेले. मॅडमनी हिरवा केला, निळा केला, मग काळा दिवा लावला. आणि हे हात डोळ्यांपुढे धरून म्हणाले, "तो निळा जरा बंद करता का हो? डोळ्यावर येतोय."

मॅडम म्हणाली, "निळा बंद केलाय, काका."

"हा नव्हे. आत्ता लावलात तो. पांढुरका निळा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता इथेही तमाशा. मी म्हटलं, "अहो, गप्प बसा, तिथे काळोख आहे." त्यांनी मान खाली घातली. तुझ्या घरी घातली होती तश्शी.

पण मॅडमनी तार ठेवून दिली. पेटी वळवली, भोकावर काळी काच लावून उजेड मंद केला, आणि बटणावर कोटाची बाही ओढली, कुणाला ठिपका दिसू नये म्हणून. "काका, फार टक लावायचं नाही. नुसतं सांगा, आहे की गेला."

"आहे," हे म्हणाले. "गेला. आहे. गेला." मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं चुकले. मी म्हटलं, "सांगा की."

"लावलाच नाही तर काय सांगू?"

मॅडमनी बाही वर केली. ठिपका विझलेला होता.

मग तिने उजवा डोळा झाकायला सांगितला. नुसत्या डाव्याने काही दिसेना. डावा झाकून परत उजवा, तर लगेच, "हा काय, आहे." मॅडमनी यांना विचारलं, "या डोळ्यात भिंग नाही ना?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग बरोबर. हा उजेड सगळ्यांच्या डोळ्यात शिरतो, पण आतलं भिंग तो वाटेतच अडवतं. ज्यांचं भिंग काढलं त्यांच्यात मागपर्यंत पोचतो. पुस्तकात आहे, नवीन काही नाही. असं सहज म्हणाली, डब्यात आज काय आहे ते सांगावं तसं.

मी बाटल्या घासायला गेले. किती घासल्या ठाऊक नाही. हे स्टुलावरून म्हणाले, "म्हणजे भिंतीत निळा होता."

मॅडमला भिंतीचं काय माहीत. तिने विचारलं, "कुठल्या भिंतीत?"

मी सांगितलं तिला. तुझं नाव घेतलं नाही, एका गिऱ्हाइकाकडे म्हटलं. हे मध्येच म्हणाले, "गिऱ्हाईक नाही. मुलगी."

शिडीचं विसरू नकोस. सुतार विचारून गेला.

आई


९ मार्च

भिंगरी,

मागचं पत्र मिळालं असेल. पोस्टमन तुझ्या दारात रोज येतो हे मला माहीत आहे.

मॅडमनी सांगितलं, काका, घरून दोन्ही पांढरे आणा. यांनी एका पुठ्ठ्याला चुना लावला, दुसऱ्याला डब्यातला पांढरा. कित्येक महिन्यांनी हातात ब्रश. तो मलाच काढून द्यायला लावला, मीही निमूट दिला. दोन्ही वाळल्यावर मी खिडकीशी नेऊन बघितले. मला दोन्ही सारखे, पांढरे म्हणजे पांढरे. शेजारच्या बाईला दाखवले, ती म्हणाली, "तुम्ही दोघं काय खेळ मांडलाय?"

हे डोळे बारीक करून म्हणाले, "चुन्याचा निळसर आहे. डब्याचा मेलेला आहे."

मॅडमनी पुठ्ठे माशीपुढे धरले, काळ्या दिव्याचा उजेड त्यांच्यावर टाकला. चुन्याला रेघ टणकन वर. डब्याच्या पांढऱ्याला हलली न हललीशी. चुना तो उजेड परत फेकतो आणि डब्यातला पांढरा तो गिळून टाकतो, असं ती म्हणाली. म्हणजे तुझ्या जुन्या चुन्याच्या भिंतीत जो निळा यांना दिसत होता तो नव्या डागात दिसेना. म्हणून हे नीळ घालत गेले, मिळेपर्यंत. आणि यांच्या डोळ्याला तो खरंच मिळाला. वीतभर अंतरावर उभी असलेली तू, मी, तुझे सासरचे, आम्हाला तो कसा दिसणार? तुझ्या बापाच्या बाजूने साक्ष द्यायला शेवटी एक माशी मिळाली. तीही मेणात बसवलेली.

मला वाटलं आता तरी माणूस ताठ बसेल. कसलं काय. घरी येताना म्हणाले, "नीळ मीच घातली ना? भिंत तर खराबच झाली. बघणाऱ्याला काय दिसतं त्यावर काम. मला काय दिसतं त्याचे कोण पैसे देतो?"

मी म्हटलं, "अहो, पण वेड तर लागलं नव्हतं."

"ते बरं झालं," म्हणाले, आणि पुढे चालायला लागले. खांबाला आदळले.

आता मुद्द्याचं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू फार पिकलाय. डोळ्याचे डॉक्टर म्हणतात, या महिन्यात करा, अजून थांबलात तर आत सुजेल आणि मग मी हात लावणार नाही. मी विचारलं, याही डोळ्याचं तसंच झालं तर? ते म्हणाले, या वेळी भिंग बसेल अशी माझी अपेक्षा आहे, आणि आताची भिंगं तो उजेड अडवतात. म्हणजे तो डोळा आपल्या सगळ्यांसारखा बघेल. मी म्हटलं, "हे तुम्ही मागच्या वेळी का नाही सांगितलं, की एका डोळ्याने जास्तीचं दिसेल म्हणून?" ते म्हणाले, "बाई, जास्त दिसतं अशी तक्रार घेऊन माझ्याकडे कुणी येत नाही."

हे ऐकून बाहेर आलो. तारीख घ्यायची होती. हे म्हणाले, नको. एका डोळ्याने एवढं केलं, दुसरा कशाला. मी तिथे व्हरांड्यात भांडले. सगळे बघत होते, बघू देत. हे ऐकून घेत राहिले. मग एकदाच म्हणाले, "तिने एव्हाना दुसऱ्या कुणाकडून करून घेतली असेल."

"काय?"

"भिंत. दुसऱ्याचा हात फिरला असेल त्यावर. मग झालं."

कळलं का तुला? मला कळायला वेळ लागला. रंगाऱ्याच्या कामावर दुसऱ्या रंगाऱ्याला बोलवावं लागलं तर पहिला संपला. यांच्यात ते असंच आहे. रोज उठून मनात तेच चाललंय, कुणाला बोलावलं असेल, त्याने किती हात मारले असतील, खरवडलं असेल की तसंच वरून फासलं असेल. आणि त्यापायी हा माणूस आंधळा व्हायला बसलाय.

तू माफी मागू नकोस. मला माफ्या ऐकायचा कंटाळा येतो, त्यांनाही येतो. एवढंच कळव, भिंत आता कशी आहे. करून घेतली असेल तर करून घेतली लिही, कुणाकडून तेही लिही. खोटं लिहू नकोस. जे येईल ते मी वाचून दाखवणार आहे. मी मध्ये गाळत नाही, तुला माहीत आहे.

डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय.

आई


२७ मार्च

भिंगरी,

तुझं पाकीट आलं. आत एवढासा कागद. मला वाटलं लाइट बिल चुकून आलं.

हे खिडकीत बसले होते. मी म्हटलं, तिचं आलंय. यांनी मान वळवली नाही. मी उभ्यानेच वाचलं, जसं आहे तसं. "भिंत तशीच आहे. पुढे कपाट ओढलंय."

मग म्हणाले, "कुठलं कपाट? ते लोखंडी?"

"मला काय माहीत. लोखंडीच असेल."

"त्याने किती झाकणार? दोन झाकतील. तीन उघडे."

मी पुढचं वाचलं. "बाकीचे दिसतात. पोर त्यांना तळी म्हणते, पुसू देत नाही."

भिंगरी, तू पोरीच्या नावावर ढकललंस. चार वर्षांच्या पोरीने हट्ट केला म्हणून घराची भिंत वर्षभर तशी ठेवणारी तू नव्हेस. तुला चादरीवर सुरकुती चालत नाही. येणारा प्रत्येक माणूस विचारत असेल, हे काय आहे? तू काय सांगत होतीस? नको, लिहू नकोस. मला सांगायची गरज नाही.

मी यांना यातलं काही बोलले नाही. यांना रंगाचं सगळं कळतं, मुलीचं काही कळत नाही. पण उठले. भिंतीला हात धरून कपाटापर्यंत गेले, खालचा खण ओढला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, उलटा घातला, काढला, सुलटा घातला. तुझा कागद माझ्या हातातून घेतला आणि नाकाला टेकवून स्वतः वाचला. एकदा वाचून होईल एवढंच तर लिहिलं होतंस, पण सोडेनात.

मग म्हणाले, "वर्षभर त्या डागांत बसतात? जेवतात तिथेच?"

"हो, तिथेच."

"काय माणसं आहेत," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "डॉक्टरने तारीख कुठली दिली होती?"

मी परवाची सांगितली. खरं तर तारीख घेतलेलीच नव्हती. लगेच खाली जाऊन वाण्याच्या फोनवरून घेतली. घरून केला असता तर यांना ऐकू गेलं असतं. परवाची मिळाली नाही, सोमवारची मिळाली. वर येऊन म्हटलं, डॉक्टरांनी पुढे ढकलली. ते म्हणाले, "फोन करून आलीस ना?" सांगितलं ना, कान.

आई


११ एप्रिल

भिंगरी,

डोळा झाला. भिंग बसलं. पट्टी सुटली. पाणी येतं थोडं, थेंब घालते.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर हे फाटकाशीच थांबले. समोर कंपाउंडची भिंत, चुन्याची. उजवा डोळा झाकला, बघितलं. डावा झाकला, बघितलं. परत उजवा. लोक वळसा घालून जात होते. मी म्हटलं, "चला, तुम्हाला भिंतीला चिकटवून ठेवतील."

"या डोळ्याने निळी आहे, या डोळ्याने पांढरी," म्हणाले.

"मग?"

"मग काय. मिळवताना हा झाकायचा." घरी येईपर्यंत स्वतःशीच मान हलवत होते. जिन्यात म्हणाले, "बाकीचे दोन डोळे उघडून चुका करतात."

दुसऱ्या दिवशी फळीवर दोन्ही पांढरे लावून बसले. उजव्या डोळ्यावर रुमाल बांधलेला, चाच्यासारखा. मी पांढरा ओळखायला समोर उभी. आता त्यांना आणि मला एकच दिसतं. पांढऱ्यात नीळ घातली नाही, नुसता थेंबभर काळा घातला. जुन्या चुन्याचा रंग हुबेहूब उतरला. मी म्हटलं जमलं. ते म्हणाले, तुला विचारलं नाही.

सुतार आला होता. त्याला परत पाठवलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही शब्द फिरवलात." मी म्हटलं, फिरवला.

मला तू विचारशील, आई, तुला कसं वाटलं. विचारणार नाहीस म्हणा. मला विशेष काही वाटलं नाही. फक्त काल माशीखोलीत शिरले, पडदा ओढला आणि लाल दिवा लावायचाच राहिला. तशीच काळोखात उभी. माश्यांना काय, लाल असला नसला सारखंच. मला मात्र माझा हात दिसेना. आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, उगाचच, कुणाचं थेंबाचं औषध मला घातल्यासारखं. मॅडम आत आली आणि म्हणाली, "मावशी, काळोखात काय करताय?" मी म्हटलं, बटण सापडत नाही. बटण माझ्या पाठीशीच होतं. तिने लावलं आणि मग पडद्याकडे तोंड करून काहीतरी शोधत राहिली. समजूतदार आहे.

येत्या शनिवारी आम्ही येतो. जेवायला घालायचा घाट घालू नकोस, हे काम सुरू केलं की जेवत नाहीत आणि मला घाई असते. कपाट आदल्या दिवशीच बाजूला ओढून ठेव, आणि जमिनीवर जुने कागद पसर. जावईबुवांना घरी थांबायचं तर थांबू देत, कपाट एकटीने हलत नाही. यांच्याशी डोळ्याबद्दल बोलू नका. रुमाल बांधतील तेव्हा हसू नका. पोर हसली तर हसू दे. एखादं तळं ठेवायचं की नाही ते ती आणि तिचा आजोबा ठरवतील, तू मध्ये पडू नकोस. मीही पडणार नाही.

आणि शिडी पाठवू नकोस. तिथेच लागेल.

आई